काट्यावर फक्त ऊसच का?

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, बोनेटवर झेंडूचा हार चढतो, पुढच्या चाकांना हळद-कुंकू लागतं. मागच्या ट्रॉलीपाशी उकिडवं बसून टायर कुणी बघत नाही. पुढच्या काही आठवड्यांत गळीत हंगाम सुरू होतो. तीच ट्रॉली, आणखी एक ट्रॉली मागे जोडून, रात्री अकरा वाजता रस्त्यावर येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कुठेही उभे राहा, हेच दिसेल. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, आणि दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. मोटारसायकलवरून घरी निघालेल्या पोराला ती दिसते तेव्हा ब्रेक मारायलाही जागा उरलेली नसते. दर हंगामाला ही बातमी वाचायची. गाव बदलतं, वय बदलतं, बातमी तीच.

मला या बातमीचा राग येतो, कारण ती टाळता येते. टाळायची जागाही पक्की ठरलेली आहे. ती जागा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा.

उसाची प्रत्येक ट्रॉली काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. त्याआधी ती यार्डात नंबर लागण्याची वाट बघत तासन् तास उभी असते. महाराष्ट्रात दुसरं कुठलं वाहन असं रोज, ठरल्या जागी, स्वतःहून तपासणीला येऊन उभं राहतं? तरीही तिथे मोजला जातो तो फक्त ऊस.

गेल्या हिवाळ्यात एका कारखान्याच्या यार्डात मी अर्धी रात्र काढली. हातात बॅटरी होती. एका जोडीच्या हुकाजवळ वाकलो, तर पिन म्हणून सळईचा तुकडा घातलेला. वरचं टोक वाकवलेलं, खालचं मोकळं. खालच्या भोकात क्लिप नाही. खड्ड्यात ट्रॉली उसळली की असली पिन वर सरकते, आणि एकदा निघाली की मागची सगळी ट्रॉली उतार नेईल तिकडे जाते. पिन दगा देते तेव्हाच उपयोगी पडावी म्हणून साखळी असते. ती कुठे आहे विचारलं. ड्रायव्हर पंचविशीतला असेल. म्हणाला, "मागच्या साली तुटली, साहेब."

मग टायर. ट्रकचे उतरवलेले टायर ट्रॉलीला लावायची आपल्याकडे सर्रास रीत आहे. कायद्याने टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. इथे नक्षी संपून तारा दिसत होत्या, आणि चिरलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा घालून काम भागवलेलं. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 म्हणजे 2014 सालातला तेविसावा आठवडा. माझ्या बॅटरीच्या उजेडात हाच आकडा दिसला.

ट्रॉलीच्या टायरचं दुखणं मोटारीच्या टायरपेक्षा वेगळं असतं. ते झिजण्याआधी वाळतात. हंगाम संपला की ट्रॉली वाड्याबाहेर, उन्हात आणि मग पावसात, सहा-सात महिने एकाच जागी उभी. हवा हळूहळू उतरते, रबर एकाच घडीवर दबून राहतं, बाजूला बारीक भेगा पडतात. हबमध्ये पाणी शिरतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. ऑक्टोबरात टॉमीने टायरवर ठोकून आवाज ऐकायचा, "हवा हाय" म्हणायचं आणि थेट फडात न्यायची. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते, तापून आतले थर सुटतात. फुटतो तेव्हा लोक उन्हाला दोष देतात. उन्हाळ्यात ट्रॉली लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवायची, टायरवर ताडपत्री टाकायची, हंगामाआधी हब उघडून ग्रीस भरायचं, आणि हवा टायर थंड असताना गेजने मोजायची. हे काम एका दुपारचं आहे. पाचेक किलोमीटर गेल्यावर थांबून हबच्या जवळ तळहात न्यावा. एका चाकाशी झळ जास्त लागली तर ते बेअरिंग पुढच्या गावापर्यंत टिकेल या भरवशावर राहू नये. नटाखालून गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर नट सैल झालाय असं समजावं.

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच, आणि आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या दोन चाकांनी दोन ट्रॉल्यांचा ऊस थांबवायचा. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात बांधाशी वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडलं मधल्या पट्टीने जोडायची असतात. त्या रात्री मी ज्या ट्रॅक्टरवर चढलो त्याची पट्टी वर उचललेली होती. घाईत पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचा भार त्याला ढकलत नेतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला तर इंजिनचाही अटकाव उरत नाही.

दोन चाकांच्या ट्रॉलीत मोळ्या कुठे रचल्या यावरही जीव अवलंबून असतो. सगळा भार मागे गेला की दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. फार पुढे आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. चढावर तोंड वर करून उभा राहिलेला ट्रॅक्टर ऊसपट्ट्यात कुणी पाहिला नाही?

ड्रायव्हरवर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. मालकावर ट्रॅक्टरचं कर्ज असतं, ऊसतोड टोळीला दिलेली उचल फिटायची असते. खेपा कमी म्हणून खेपेला टन जास्त. जादा भाराला कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. त्यासाठी रस्त्यावर काटा घेऊन बसायची गरज नाही, प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या संगणकात आहे. तो आकडा पैसे चुकते करायला वापरता, तर पुढच्या खेपेचा भार आवरायलाही वापरा.

बीडकडून टोळ्या येतात तेव्हा याच ट्रॉल्यांत संसार असतो. भांडी, शेळी, अंथरुणं आणि त्यावर झोपलेली लेकरं. याच टायरांवर, याच पिनेवर.

म्हणून मागणी सरळ आहे. यार्डात नंबर देणाऱ्या माणसाच्या हाती बॅटरी आणि हवेचं गेज द्या. पिनेला क्लिप, साखळी, मागे लाल, पुढे पांढरा आणि बाजूला पिवळा रिफ्लेक्टर, तारा न दिसणारा टायर, जोडलेली पेडलं. यात एक गोष्ट कमी असेल तर आणलेला ऊस उतरवून घ्या, शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, पण पुढची तोडणी चिठ्ठी त्या ट्रॉलीला देऊ नका. रिफ्लेक्टर कारखान्याने स्वतःच्या खर्चाने गेटवरच चिकटवावेत. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला हे करतात. पण डिसेंबरात चिखलाने तो रिफ्लेक्टर झाकला जातो, तेव्हा पुसायला फडकं घेऊन कुणी उभं नसतं.

त्या रात्री गेटसमोरच्या पंक्चरच्या दुकानात मी क्लिप आहे का विचारलं. म्हाताऱ्या मामांनी डब्यातून एक काढून दिली, आणि जुन्या लोखंडातून एक धड पिनही शोधली. ड्रायव्हरने सळई उपसली, पिन घातली, खालून क्लिप लावली, दोनदा ओढून बघितली. मग माझ्याकडे न बघता मामांना म्हणाला, "मागच्या ट्रॉलीला पण एक द्या."