आवाज मंजूर आहे!

आमच्या पिंपळगाव राजात आवाजाची टंचाई असल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. पाण्याची करतो, विजेची करतो, सोयाबीनच्या भावाची तर दरसाल करतो. आवाज मात्र मुबलक. लग्नसराईत डीजे वाजला की खिडक्यांची तावदानं फुगडी घालतात. निवडणुकीत एकाच रिक्षाला दोन भोंगे बांधलेले असतात, पुढचा मत मागतो आणि मागचा आभार मानतो. कुल्फीवाल्याच्या गाडीलासुद्धा कर्णा आहे.

अशा गावात माझ्या घरी एक यंत्र आहे, ज्याचा आवाज समोर बसलेल्या माणसालाही ऐकू येत नाही.

तसा दोष यंत्राचा नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला कंपनीने सोडचिठ्ठी दिली आणि माझा जुना लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसेना. दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. म्हणाला, "मामा, लिनक्स टाकून देतो. फुकट असतं." फुकट हा शब्द कानावर पडला की वऱ्हाडात पुढचं कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नाही. तासाभरात लिनक्स मिंट बसलं. यंत्र तरुण झालं, चटचट उघडू लागलं. फक्त त्याची वाचा गेली.

हे लक्षात आलं ते आईच्या व्हिडिओ कॉलवर. नात पुण्याहून बोलत होती आणि आई पडद्याला कान लावून बसली होती.

"हे मुकं हाय का रे? पोरगी तोंड हालवून रायली, आवाज कुठी गेला?"

"आई, आवाज शंभर टक्के आहे. हे बघ, इथं लिहिलंय."

"लिहेल असंन. पंधरा बी नाही येऊन रायला."

रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात, असं राजीव गांधी 1985 साली म्हणाले होते. आईला हे ठाऊक नाही. ती नुसत्या कानाने त्याच आकड्यावर आली.

भेंडवळची घटमांडणी बघून जसा पावसाचा अंदाज सांगतात, तशा गंभीर चेहऱ्याने भाचा फोनवरून उपाय सांगू लागला. तेव्हा कुठे मला कळलं, की लिनक्समधला आवाज म्हणजे सरकारी अनुदान आहे. वर मंजूर होतं, पण खाली किती टेबलं आहेत ते कोणी सांगत नाही.

सर्वांत खालचं टेबल आल्साचं. यारोस्लाव्ह किसेला नावाच्या चेक गृहस्थाने ते 1998 मध्ये मांडलं. साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारा हा तलाठी. मग 2004 मध्ये जर्मनीच्या लेनार्ट पोटरिंगने त्याच्यावर पल्सऑडिओ बसवलं. त्यानंतर रेड हॅटच्या विम टायमन्सने पाइपवायर आणलं आणि 2024 च्या मिंट 22 पासून मिंटमध्येही तेच आहे. पण जुने प्रोग्राम बिचकू नयेत म्हणून पाइपवायर पल्सऑडिओच्याच बोलीत उत्तर देतं. म्हणजे खुर्चीत साहेब नवा, दारावर पाटी जुनी, आणि कागद अखेर जाणार तलाठ्याकडेच! नवी योजना आली म्हणून जुनी बंद झाली, असं आपल्याकडे कधी झालंय? ती जुनीच्या डोक्यावर बसते.

शिवाय प्रत्येक टेबलाला आपापली खुंटी. ब्राउझरमधल्या व्हिडिओची वेगळी, ब्राउझरची वेगळी, यंत्राची वेगळी. वरच्याने शंभर दिले आणि खालच्याने चाळीसवर धरून ठेवले, तर वरच्या शंभराला शोभेपलीकडे अर्थ नाही.

भाच्याने काळ्या खिडकीत 'आल्सामिक्सर' असं टाइप करायला लावलं. पडद्यावर एकच उभा खांब आला, मास्टर. भरगच्च, शेंड्याला लाल. "हा नुसता साहेब आहे मामा," भाचा म्हणाला, "एफ 6 दाबा आणि कार्ड निवडा, म्हणजे अख्खं ऑफिस दिसेल." दाबलं. खांबांची रांग लागली. मास्टर शंभर, पीसीएम शंभर, हेडफोन पूर्ण भरलेला. आणि त्यांच्यामध्ये स्पीकर, एक्केचाळीसवर, शेताच्या बांधावर विसरलेल्या पाण्याच्या बाटलीसारखा अर्धवट. हेडफोन या घरात कोणी कधी लावला नाही, पण त्याचा कोटा पूर्ण! ज्याला गरज नाही त्याला शंभर देण्याची ही पद्धत लिनक्सवाल्यांनी कुठून उचलली, ते मी सांगत नाही.

खांबाखाली 'एमएम' अशी अक्षरं असली तर त्याचं तोंड बंद आहे असं समजायचं. एम दाबलं की तोंड उघडतं. मग वरच्या बाणाने खांब चढवायचा, आणि बाहेर पडल्यावर 'सुडो आल्साकटल स्टोअर' अशी आज्ञा द्यायची, म्हणजे यंत्र बंद करून चालू केलं तरी आकडा जागेवर राहतो. सुडो म्हणजे मालकाच्या सहीने. हे सगळं केलं. आवाज वाढला. आई म्हणाली, "आता कुजबुजल्यावानी येते."

पुढची पायरी शंभराच्या पलीकडची. मिंटमध्ये ध्वनीच्या सेटिंगात कमाल मर्यादा दीडशेपर्यंत नेता येते. शंभरातून दीडशे कसे निघतात हे विचारायचं नसतं, अंदाजपत्रकातही कोणी विचारत नाही. पण इथे हिशेब लगेच अंगावर येतो. लाटेचे शेंडे छाटले जातात आणि नातीचा आवाज फुटक्या पाव्यासारखा येतो. विंडोजमध्ये असं का होत नव्हतं? कारण त्या चिमुकल्या स्पीकरांचा आवाज लॅपटॉपची कंपनी स्वतःच्या सॉफ्टवेअरने गुपचूप सावरून, फुगवून देते. लिनक्स आहे तसं सांगतं. त्यावर ईझीइफेक्ट्स नावाचा उपाय आहे. त्यात बारीक आवाज उचलता येतो आणि लिमिटर मोठ्याला दाबून धरतो. मी तो बसवला. फरक पडला, पण आईचं समाधान नाही.

खरं तर अभिमान वाटायला हवा होता. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. आमच्या गल्लीत हा नियम न चुकता पाळणारं माझा लॅपटॉप हे एकमेव यंत्र.

शेवटी आईच उठली. लॅपटॉप बाजेवर गोधडीत रुतलेला होता. तिने तो उचलून पालथा केला आणि पोटाच्या जाळीकडे बघितलं. स्पीकर तिथेच, खालच्या बाजूला. भोकांत कापसाची म्हातारी बसलेली. तिने पदराने ती पुसली, आतून पोळपाट आणला, फरशीवर ठेवला आणि त्यावर लॅपटॉप बसवला. पोळपाटाला तीन पाय, खाली मोकळी हवा आणि टणक फरशी.

"आजी, येतंय का ऐकू?" नात ओरडली. शेजारचे बापू कुंपणापलीकडून म्हणाले, "येते, येते."

भाच्याला हे कळवलं नाही. त्याने अजून तीन आज्ञा पाठवल्या आहेत. घरात आता दोन पोळपाट आहेत. दुसरा खामगावच्या बाजारातून एकशे ऐंशी रुपयांना आणला. लिनक्स फुकटच होतं.