जाहिरात नको

स्टुटगार्ट,
रविवार, दुपारचे अडीच

ती. आई-अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींनाही. पिंटीला बारावीसाठी निम्मे आशीर्वाद, उरलेले निकाल बघून.

अप्पा, आधी तुमच्याशी भांडते. खुलताबादचे पहाटेचे सहा म्हणजे आमच्याकडे रात्रीचे अडीच, हे मी मागच्या खेपेला कालनिर्णयच्या पाठीमागे लिहून ठेवलं होतं. रात्री घरचा फोन वाजला की मी आधी विमानाच्या तिकिटाचा हिशोब करते, मग 'हॅलो' म्हणते. बुधवारी तसंच झालं. हे तर ताडकन उठून पासपोर्टचं पाकीट हातात घेऊन उभे. आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, तुझा भाऊ चाळीस हजाराची जाहिरात करायलाय, त्याला समजाव." अप्पा, समजावते. पण दिवसा समजावते.

आज रविवार. आमच्या इमारतीत रविवारी कपड्याचं मशीन लावायचं नाही, भिंतीत खिळा मारायचा नाही, रिकाम्या बाटल्या बाटल्यांच्या डब्यात टाकायच्या नाहीत. आवाज होतो. पत्र लिहायला अजून बंदी आलेली नाही. कुकर लावलाय, शिट्ट्या किती चालतात याबद्दल नियमावलीत काही सापडलं नाही म्हणून धीर केला.

दादा, पार्सल मिळालं. म्हणजे सोडवून आणलं. जकातवाल्यांनी बोलावून माझ्यासमोर उघडलं. तुझ्या हातकागदाच्या बावीस डायऱ्या, सहा आकाशकंदील, आईचं येसर, मेतकूट, आणि वहिनी, तुम्ही कोपऱ्यात कोंबलेली भद्रा मारुतीच्या शेंदराची पुडी. त्या भल्या माणसाने दोन्ही पुड्या टेबलावर ठेवल्या, एक तपकिरी, एक केशरी, आणि विचारलं, हे काय? म्हटलं, एक खायचं आणि एक देवाचं. तर म्हणतो, कोणतं कोणतं? त्याने येसराचा वास घेतला आणि पाच मिनिटं शिंकत राहिला. आई, तुझ्या येसराला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळायचं नाही.

दादा, फॉर्मवर तू 'गिफ्ट' लिहिलंस. घरगुती भेट इथे ४५ युरोपर्यंत करातून सुटते. पण बावीस डायऱ्यांची भेट खरी मानायला तो काही आपल्या आत्याच्या हाताखाली वाढलेला नव्हता. एका बाईला बावीस डायऱ्या कशाला, असं त्याने विचारलं. म्हटलं, आमच्याकडे बोलायला फार असतं. तो हसला आणि त्याने १९ टक्के कर लावला.

(आत्याच्या गुडघ्याचं कळलं. तिला म्हणावं, म्हैसमाळच्या सहलीत गिरिजामातेच्या पायऱ्या पळत चढून दाखवल्या त्याचं हे फळ आहे. आणि बबनमामाचं सीताफळाच्या झाडावरून पुन्हा भांडण? झाड कुंपणावर, फळं दोन्हीकडे, आणि मामा बत्तीस वर्षं एकाच बाजूला. फळं यायला अजून तीन महिने आहेत, तोवर तरी बोलत राहा म्हणावं.)

तर जाहिरात. तू फोनवर म्हणालास, "तू तिकडं आहेस, तिकडं जरा प्रचार कर, इथलं मी बघतो." मी केला. आता ऐक.

शंभर पत्रकं छापून घेतली. छपाईचे किती गेले ते लिहीत नाही, आई वाचून दाखवायला लावेल आणि मग जेवणार नाही. सुंदर छापली, डायरीचा फोटो, कंदिलाचा फोटो, खाली दोन ओळी. मनात आपलं गाव होतं. आपल्याकडे पत्रक वाटायचं म्हणजे पेपरवाल्या पोराला पन्नास रुपये द्यायचे, उरलेली मेडिकलच्या काउंटरवर ठेवायची, आणि विजेच्या खांबाला खळ लावायची. इथे खांबाला कागद चिकटवला तर दंड होतो. ओळखीचं पेपरवालं पोर नाही. राहिल्या टपालाच्या पेट्या. इमारतीच्या दारात आठ पेट्या ओळीने, म्हटलं घरापासून सुरुवात करू.

पेट्यांवर चिठ्ठ्या. 'बिटं काइनं वेर्बुंग.' म्हणजे, कृपया जाहिरात नको. ही नुसती विनंती नाही बरं का. अशी चिठ्ठी असलेल्या पेटीत पत्रक टाकलं तर पेटीचा मालक कोर्टात जाऊ शकतो. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९८८ सालीच त्याच्या बाजूने निकाल देऊन ठेवलाय. आपल्याकडे दारावर 'विक्रेत्यांनी येऊ नये' लिहिलेलं असतं आणि त्याच दारात बाई मसालेवालीशी अर्धा तास भाव करते. इथे चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

आठ पेट्या बघितल्या. सातांवर चिठ्ठी होती. एकीवर नव्हती. ती आमची.

मग शंभर पत्रकं हातात घेऊन मी गल्लीभर फिरले. एखादी पेटी बिनचिठ्ठीची दिसली की लग्नाच्या पंगतीत रिकामी जागा दिसल्यासारखा आनंद. तासाभरात नऊ गेली. परत आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी उभ्या, हातात माझ्याच पिशवीतून पडलेली दोन पत्रकं. या आजी म्हणजे आमच्या जिन्याच्या तहसीलदार. इथे जिना झाडायच्या पाळ्या असतात, ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकते. आठवडा संपला की झाडलंय की नाही हे आजी बोट फिरवून बघतात. पाटी त्या आठवड्यात आमच्याकडे होती. म्हणजे कचरा करणारी मी, काढणारी मी, आणि पंचनाम्याला त्या.

हे म्हणाले, "तू तरी चिठ्ठी लाव बाई, नाहीतर गल्लीतली उरलेली सगळी पत्रकं आपल्याच पेटीत येतात." खरंच येत होती. पिझ्झा, चष्मे, गाद्या. तर मी काय केलं, तुझ्या डायरीत ते जाड पान येतं ना, झेंडूच्या पाकळ्या घातलेलं, ते काढलं. कडा तशीच ठेवली, फाटल्यासारखी मऊ. त्यावर शाळेतला बोरू आठवून काळ्या शाईत लिहिलं, 'कृपया जाहिरात नको,' आणि पेटीवर लावलं.

तिसऱ्या दिवशी आजी दारात. मला वाटलं जिना. तर त्या म्हणाल्या, हा कागद कुठे मिळतो? माझी चिठ्ठी प्लॅस्टिकची आहे आणि पिवळी पडलीय.

दादा, आजवर अशा अकरा चिठ्ठ्या गेल्यात. शेजारच्या इमारतीतून लोक येतात आणि 'जाहिरात नको'ची ऑर्डर देतात! त्या चिठ्ठीकडे बघून विचारतात, हा कागद कसला, कुठला. मग मी आत बोलावते, कंदील दाखवते, डायरी हातात देते. शंभर पत्रकांनी जे झालं नाही ते 'जाहिरात नको'ने झालं. पैसे घेतले नाहीत. विकायचं म्हटलं की आधी पालिकेत व्यवसायाची नोंद, पोस्टाने एक पाकीट जरी विकलं तरी त्या पाकिटाच्या वेष्टनाची वेगळी नोंद, आणि संकेतस्थळ काढलं तर त्यावर स्वतःचं नाव-पत्ता. कागद विकण्यासाठी लागणारा कागद आपल्या कागदापेक्षा जास्त. म्हणून सध्या शेजारधर्म चालू आहे. जमाखर्च असा: बोरांसारख्या कसल्याशा फळांच्या मुरंब्याच्या तीन बाटल्या, एक केक, आणि आजींच्या मळ्यातला दुधीसारखा दिसणारा एक हिरवा दांडू, ज्याचे मी मुटके केले. जिन्यावर बोट फिरवणंही थांबलंय, ते वेगळं.

आता डायरीच्या भावाचं. इथल्या वह्या-कागदांच्या दुकानात गेले होते. हातकागदाचं एक शुभेच्छापत्र, नेपाळमधलं, तळहाताएवढं, आत कोरं. पाच युरो नव्वद सेंट. मी उलटून पाहिलं, पुन्हा उलटून पाहिलं. युरो शंभरच्या घरात धरला तरी सहाशे रुपयांच्या आसपास. तुझी अख्खी डायरी, वहिनींनी गोधडीचा टाका घालून शिवलेल्या पुठ्ठ्याची, एकशे वीसला! वहिनी, तुमच्या एका पुठ्ठ्याला दुपारभर लागते, हे मी माजघरात बसून पाहिलंय. तुम्ही दादाला मजुरी लावता का? नाही ना? मग एकशे वीस हा भाव नाही, तो प्रसादाचा नारळ आहे. त्या शुभेच्छापत्राच्या मागे फक्त एक ओळ होती: कागद कुठे झाला, कशाचा झाला. तेवढ्या ओळीचे पैसे मोजतात लोक.

आणि आपल्या डायरीच्या मागे काय, तर तुझ्या आणि वहिनींच्या नावाची पहिली अक्षरं जोडून केलेलं इंग्रजी नाव. अरे, खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं ते! ज्या कागजीपुऱ्यात हा कागद होतो त्याचं नाव कुठेच नाही. तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, त्या लोंढ्यात कागद करणारे आले आणि तिथेच राहिले, असं मानतात. गावाचं नावच कागदावरून पडलंय. पेशव्यांच्या दफ्तरात कागद ओळखायचे ते गावावरून, जुन्नरी, दौलताबादी. तेव्हा कोणी इन्स्टावर नव्हतं.

अप्पा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नेलं होतं, आठवतं? चिंध्यांचा लगदा हौदात ढवळत होते, साचा बुडवून वर काढला की पाणी गळून जायचं आणि साय राहायची. मला वाटलं दूधच आहे. परवा डायरी उघडली आणि तो ओल्या फडक्याचा वास आला. बावीसातली एक मी ठेवून घेतली आहे. तिच्यात काही लिहीत नाही. नुसती उघडते.

असो. कुकर झाला.

दादा, जाहिरातीसाठी त्या रीळवाल्या पोराला चाळीस हजार देऊ नकोस. फ्लेक्सही नको. पिंटीने नमुन्याचा फोटो पाठवला, त्यात मधोमध तू, भोवती सगळा गोतावळा, आणि मी ढगातून 'प्रेरणास्थान' म्हणून हात जोडते आहे. मी जिवंत आहे. उद्यम नोंदणीसाठी एजंटला पंधराशे दिलेस म्हणे; ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. अप्पांचा जुना विनोद आज मी करते: आपल्या गावात झोपलेल्या बादशहाने टोप्या शिवून चौदा रुपये बारा आणे कबरीसाठी ठेवले म्हणतात, आणि आमचा दादा पंधराशेला टोपी घालून आला.

दोन-तीनशे रुपयांचा रबरी शिक्का कर. 'हातकागद, कागजीपुरा, ता. खुलताबाद.' मराठीत. प्रत्येक तुकड्यावर मार. श्रावण तीन आठवड्यांवर आलाय. दर शनिवारी संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत भद्रा मारुतीला येतात, आपल्या ओट्यावरून जातात, आणि तू मला विचारतोस गिऱ्हाईक कुठे शोधू? ओट्यावर एक दिवा, पाण्याचा माठ आणि वहिनींचे कंदील लाव. शिक्क्याची कोरी चिठ्ठी फुकट दे, नवस लिहायला. आणि रविवारी दौलताबादच्या त्या दरवाजात वेरूळच्या गाड्या अर्धा-अर्धा तास अडकतात. शहरातली माणसं खिडकी उघडून नुसती बसलेली असतात. लहानपणी तिथे आपण पेरू विकत घ्यायचो. पिंटीला उभी कर. अभ्यास बिघडेल असं वहिनी म्हणतील; वहिनी, तिचा मोबाइल घरी ठेवून पाठवा, सुधारेल.

वहिनी, डायरी दोनशे पन्नासच्या खाली देऊ नका. दादाने कोणाला ओळखीत दिली तर वरचे एकशे तीस त्याच्या खिशातून घ्या. हे माझ्या नावावर सांगा.

पुढच्या पार्सलात झेंडूचे पन्नास जाड ताव पाठवा, शिक्का मारून. मी तोवर पालिकेत जाऊन नोंदीचं विचारून येते. फॉर्मवर 'गिफ्ट' लिहू नका, 'कागद' लिहा आणि खरी किंमत टाका. शेंदूर आणि येसर वेगवेगळ्या पिशव्यांत.

अप्पा, फोन दुपारी करा. आमच्या.

तुमची,
चिमी