१०८ च्या पुढची झाशी

मे २०२४ च्या अखेरीस झाशीचा पारा ४९ अंशांवर गेला. म्हणजे फॅरनहाइटमध्ये १२०. घरातल्या काचेच्या थर्मामीटरची पट्टी संपते १०८ ला! अशा दिवसांत तापल्या खोलीच्या फडताळात पडलेला थर्मामीटर पोराच्या काखेत जाण्याआधीच वर चढून बसतो. गार पाण्यात धरून, झटकून घेतल्याशिवाय त्याचं काही ऐकू नका.

झाशीतल्या जुन्या मराठी घरांतही पोर तापलं की आजी कपाळाला हात लावते आणि आई पॅरासिटामॉलची बाटली काढते. मे महिन्यात मात्र त्याआधी विचारायला हवं: हा ताप की लू?

तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर चढवतो. पॅरासिटामॉल ते खाली आणतं. लू लागते तेव्हा मेंदूनं काहीच ठरवलेलं नसतं. बाहेरची आग अंगात साचते आणि शरीराला ती टाकता येत नाही. तिथं ही बाटली निकामी आहे. उन्हात राहिलेलं पोर बरळतंय, झोकांड्या खातंय, त्याला झटके येताहेत, तर थर्मामीटर शोधत बसू नका. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गार करत करतच दवाखाना गाठा. कैरीचं पन्हं चांगलंच, पण शुद्धीवरच्या पोराला. ग्लानीतल्या पोराच्या घशात ते ओतलं तर श्वासनलिकेत जाईल. आणि खिशातला कांदा? त्यानं आजवर कुणाची लू अडवलेली नाही.

साध्या तापात याच्या उलट. गार पाणी ओतलं की पोर कुडकुडतं, आणि कुडकुडण्यानं अंग आणखी तापतं. चादरीत गुंडाळून घाम काढायचा हट्ट मात्र दोन्हीकडे घातक. झाशीच्या उन्हाळ्यात तो अत्याचारच आहे.

पॅरासिटामॉलचा डोस चमच्यावर नव्हे, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोच्या मुलाला १५०, म्हणजे ५ मिलीत १२५ असलेल्या सिरपचे ६ मिली, २५० वाल्याचे फक्त ३. थेंबांच्या बाटलीत मिलीलाच १०० असतात. तिच्यातून चमचाभर पाजलं तर पोटात ५०० गेले. बाटलीवरचा आकडा वाचायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं काढाच. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसरात्रीत चारच डोस. 'ताप झटकन उतरेल' म्हणत दुकानदारानं निमेसुलाइड पुढं केलं तर परत सरकवा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे.

१०२ ताप असून खेळणाऱ्या, पाणी मागणाऱ्या पोराला घरी सांभाळता येतं. १०० असून मान टाकलेल्याला नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप १००.४ भरला तर घरी कसलाच उपाय नको. थेट डॉक्टर. मध्यरात्र असो, नाहीतर घरात लग्न असो.