मायक्रॉनवाले काका

रविवारी सकाळी नऊला नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्याही गल्लीत उभे राहा. ड्रिलचा आवाज आला, तर काका घरी आहेत. नाही आला, तर लाइट गेलेली आहे, आणि तीही बहुधा काकांमुळेच.

हे काका मायकोतून रिटायर झालेले असतात. कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं. त्र्यंबक रोडवरचं मायको सर्कल काही बदललं नाही, काकाही नाहीत. एचएएलचे काका असतात, नोट प्रेसचे असतात, पण मायकोवाल्यांचा तोरा वेगळा. सातपूरच्या या कारखान्याचं नाव डिझेल इंजिनाच्या नोझलसाठी. नोझल आणि आतली सुई यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून काय ते समजा. अशा फटीशी तीस वर्षं संसार केलेल्या माणसाने स्वयंपाकघरात ठोकलेली फळी दोन बोटं उतरती आहे. सकाळी पोह्यांचा डबा या टोकाला ठेवला, की संध्याकाळपर्यंत तो त्या टोकाच्या गुळाच्या डब्याला भेटायला गेलेला असतो. "फळी सरळच आहे," काका म्हणतात, "भिंत तिरकी आहे."

मला यात काकांचा दोष दिसत नाही. कंपनीत जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट बसलेला, समोर ड्रॉइंग, पुढे क्वालिटीवाला. घरी फिक्स्चर म्हणजे काकू. "अगं, हलवू नकोस, घट्ट धर." आणि क्वालिटीलाही काकूच. मग रिजेक्शन वाढणारच.

शिवाय ही खोड सिडकोच्या घरांनीच लावली. घरं मिळाली ती एवढीएवढीशी. ज्याने त्याने पुढे पत्रा टाकला, मागे मोरी सरकवली, बाहेरून जिना चढवला आणि वर खोली काढली. बांधता बांधता पोरं मोठी झाली, पुण्याला गेली, पण थांबायचं कुठे ते कोणी सांगितलंच नाही. काकांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग 2015च्या सिंहस्थात काढलं. साधू आले, न्हाले, गेले. आता पुढच्या सिंहस्थाच्या गप्पा सुरू झाल्या, गच्चीवर ताडपत्री आहेच.

गेल्या महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. मी नेमका वाटी परत द्यायला गेलो आणि सापडलो. काकांनी श्रीखंडाचा रिकामा डबा उघडला. आत पकड, पाना, टेस्टर, टेफलॉन टेप आणि जगात कशालाही न बसणारे चाळीसेक स्क्रू. ते बघून काकूंनी चकार शब्द न काढता हंडा भरायला घेतला. मग कळशी, दोन बादल्या, कुकर.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

काकूंनी इडलीपात्रही भरलं.

"टेप नेहमी आटे चढतात त्या दिशेने गुंडाळायची," काका मला शिकवत होते. अगदी बरोबर. काकांचं सांगणं नेहमी बरोबरच असतं. फक्त गच्चीवरचा कॉक बंद करायचा राहिला होता. स्पिंडल उडालं ते पोह्यांच्या डब्यावर, आणि पाण्याची धार काकांच्या चष्म्यावर. त्यांनी नळाच्या भोकावर अंगठा दाबला आणि त्याच अवस्थेत पुढचा मुद्दा घेतला: वायसर सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलं तर विकतच्यापेक्षा जास्त टिकतं. त्यांचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत मी थांबलो, मग जिना चढलो.

ट्यूबचं वायसर बसवलं. आधी ठिबकणारा नळ आता वाहू लागला. तेव्हा एम-सील. दोन्ही गोळे सारखे घ्यायचे, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, हेही मी शिकलो. काकांनी नळाला असा काही लेप दिला की शेंदूर तेवढा बाकी राहिला. "आता दोन तास कोणी हात लावायचा नाही," असं बजावून ते आडवे झाले.

घोरणं ऐकू आल्यावर काकूंनी फोन काढला. प्लंबरचा नंबर त्यांनी 'भिशी' नावाने सेव्ह केलेला आहे. तो मागच्या दाराने आला, चपला हातात घेऊन. पोतेरं कुठे असतं हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याने नळच बदलला आणि जुना पिशवीत घालून नेला.

पाचला काका उठले. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"बघ! कसा लोण्यासारखा फिरतोय. एम-सीलला वेळ द्यावा लागतो, तुम्हा लोकांना धीर नसतो."

काकू चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आमच्या घरचा फ्लश परवापासून गळतोय. 'भिशी'चा नंबर मी काकूंकडून घेऊन ठेवलाय, तो उद्या येईल. तोवर तुम्ही आमच्या गल्लीत आलात तर काकांसमोर विषय काढू नका, एवढीच विनंती.