कागदपत्रं दडवून बसलेल्या चिपवाल्यांना खुलं पत्र

चिपवाल्यांनो,

नमस्कार घालत नाही, तुम्ही तो कमावलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या शाळांत धडधाकट संगणक कपाटाआड धूळ खात पडतात, त्यात तुमचा हात आहे. म्हणून हे जाहीर लिहितोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशीनला आता लिनक्सचाच आधार. रॅम, हार्डडिस्क, कीबोर्ड पहिल्या झटक्यात ओळखले जातात. गाडी अडते ती तुमच्या ग्राफिक्स चिपपाशी. स्क्रीन काळी, कोपऱ्यात एक लुकलुकती रेघ. मग सुरुवातीच्या मेनूत ‘ई’ दाबायचं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायचं, एफ१० दाबायचं. चित्र येतं, पण १०२४ बाय ७६८ चं, रुंद मॉनिटरवर ताणलेलं. रफार कुठला आणि अनुस्वार कुठला, कळत नाही. चिप झोपलेली, सगळं चित्र एकटा प्रोसेसर ओढतो. धड्याचा व्हिडिओ लावला की आवाज पुढे, चित्र मागे. यावर पोरांनी शिकायचं? चंद्रपूरला दाखवायला नेलं तर उत्तर ठरलेलं: नवा घ्या.

जुनं झालं की असंच व्हायचं, हे मला सांगू नका. २०१० चा इंटेल ॲटम डी५२५ घ्या. त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं, ड्रायव्हर खुला आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच. पेनड्राइव्ह लावला की काम सुरू. पुढच्याच वर्षीच्या डी२५०० मध्ये इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजकडून घेतलेली पॉवरव्हीआर ही ग्राफिक्सची रचना आली आणि आतली माहिती कुलपात गेली. कर्नलमधला जीएमए५०० ड्रायव्हर चित्र तेवढं दाखवतो, थ्रीडी आजही नाही. वर्षाने धाकटं मशीन आधी निकामी झालं! एएमडी कंपनीने २००७ पासून आपल्या ग्राफिक्स चिपांची कागदपत्रं खुली केली. तिचं काय बुडालं?

ड्रायव्हर आमच्या साइटवर आहे, असंही तुमच्यातले काही म्हणतात. एनव्हिडियाने जीफोर्स ८ आणि ९ मालिकांचा ३४० ड्रायव्हर २०१९ अखेर सोडून दिला. कर्नल पुढे सरकला की तो बसतच नाही, स्वयंसेवकांचे पॅच शोधावे लागतात. शोधायला नेट हवं. जिथे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथे नेटच्या भरवशावर पॅच कुठून उतरवायचा? कर्नलमधला ड्रायव्हर हाच तिथे कामाचा.

याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवला. मग इथल्या शाळेला आपल्याच संगणकातल्या चिपचा कागद का मिळू नये?

२०२२ मध्ये एनव्हिडिया आणि इमॅजिनेशन, दोघांनीही ड्रायव्हर खुले करायला सुरुवात केली, पण नव्या चिपांचे. जुन्यांना वगळलंत. ज्या चिपा तुम्ही विकणंही बंद केलं, त्यांच्या रजिस्टरांची माहिती आणि सोडून दिलेल्या ड्रायव्हरचा सोर्स द्या. बाकी काही मागत नाही. लिहिणारी माणसं आहेत. नुव्हो या खुल्या ड्रायव्हरवाल्यांनी तर एनव्हिडियाच्या कागदाशिवाय ड्रायव्हर लिहून दाखवला.

गडचिरोलीतला एक संगणक दुरुस्तीवाला