उभे राहणारे अण्णा

मजुरी दिली की काम होतं, ही अण्णांच्या मते तरुण पिढीची समजूत. काम होतं ते समोर कुणीतरी उभं राहिलं तर. आणि उभं राहणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. खुर्ची घ्यायची नाही. हात मागे, चष्मा कपाळावर. मिस्त्रीने छिन्नी उचलली की अर्धं पाऊल पुढे सरकून फक्त ‘हं’ म्हणायचं. या ‘हं’चा अर्थ मिस्त्रीला कळत नाही, बहुधा अण्णांनाही नसावा, पण छिन्नी क्षणभर थबकते आणि तेवढ्यावर अण्णांचा दिवस सार्थकी लागतो.

कोथरुडातली आमची सोसायटी जुनी. बाथरूमला आठ बाय बाराच्या फिकट टाइल्स, आणि अंघोळ झाली की पाणी थेट उंबऱ्याशी. अण्णांच्या सूनबाईंनी शॉवरचा ट्रे आणि काचेचं पार्टिशन बसवायचं ठरवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘अंघोळ काचेत? आपण काय सराफाकडचे दागिने?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मिस्त्रीच्याही आधी, ते बाथरूमच्या दारात होते.

अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. लेखा शाखेत होते, पण खातं ते खातं. पाण्याला उतार लागतो हे त्यांनी फायलींतून जन्मभर वाचलंय. ट्रे अ‍ॅक्रिलिकचा, तीन बाय तीनचा. जुन्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे ऐंशीला एक असा उतार, म्हणजे तीन फुटांत जवळजवळ अर्धा इंच. मिस्त्रीने फरशीला खाचा पाडून वाळू-सिमेंटचा माल पसरला, जाळीकडे जाड, पलीकडे पातळ. कुठे पोकळ राहू दिलं नाही. पोकळ राहिलं की ट्रे पायाखाली लवतो. मग ट्रे ठेवून, कडेवर लेव्हल धरून, रबरी हातोडीने ठोकत ठोकत त्याने बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आणला.

‘हं,’ अण्णा म्हणाले. ‘पाणी जाणार कसं?’

‘जाळीतून, काका.’

‘सपाटीवरून?’

मिस्त्रीने न बोलता तांब्याभर पाणी ओतलं. उतार ट्रेच्या पोटातच दिलेला असतो. कडा लेव्हलला असल्या की पाणी आपसूक भोकाकडे जातं. गेलंही. शेवटचा थेंब जाईपर्यंत अण्णा वाकून बघत होते. मग म्हणाले, ‘पावसाळ्यात कळेल.’

टाइलला भोकं पाडताना मिस्त्रीने आधी चिकटपट्टी लावली, ड्रिलचा हॅमर बंद केला आणि सावकाश सुरुवात केली. अण्णांना तो संथपणा बघवेना. ‘जोर लावा की जरा!’ मिस्त्री ‘हो काका’ म्हणाला आणि होता तेवढ्याच वेगाने ड्रिल फिरवत राहिला. जोर लावला असता तर टाइलला चीर गेली असती, आणि तसली टाइल आता शोधूनही मिळायची नाही. मिस्त्री लोकांचा हा ‘हो काका’ खरं तर शाळेत शिकवायला हवा. कित्येक संसार सुरळीत चालतील.

काच आठ मिलिमीटरची, टफन्ड. आमच्या इमारतीतली एकही भिंत ओळंब्यात नाही, म्हणून काचवाल्याने वर, मध्ये, खाली अशी मापं घेतली होती. काच आली आणि अण्णांना ती पाव इंच जास्त वाटली. ‘घासून घ्या थोडी.’ काचवाला दचकला. टफन्ड काच भट्टीतून बाहेर पडली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. बिजागरीची भोकंसुद्धा आधीच पाडून घ्यावी लागतात. नंतर खटपट केली तर सगळ्या काचेचा चुरा हातात. अण्णांनी हे निमूटपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी कट्ट्यावर आम्हाला समजावून सांगितलं. ‘काचवाला घासायला निघाला होता,’ ते म्हणाले. ‘मी होतो म्हणून.’

अण्णांचा खरा उपयोग झाला सिलिकॉनच्या दिवशी. ट्रे आणि टाइलच्या सांध्यात सिलिकॉन भरताना ट्रेवर वजन असलेलं बरं. सांधा जो काय उघडायचा तो आधीच उघडतो, मग पुढे कुणी आत उभं राहिलं तरी सिलिकॉन फाटत नाही. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं.

‘काका, जरा आत उभे राहता का?’

अण्णा चप्पल काढून आत शिरले. हात मागे. मिस्त्री दोन्ही भिंतींच्या कडेने गन फिरवत होता, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ सारखी करत होता आणि मधूनमधून ‘हलायचं नाही’ असं बजावत होता. सूनबाई चहा घेऊन आल्या आणि हसू दाबत तशाच परत गेल्या. तेवढा वेळ अण्णांच्या तोंडून ‘हं’देखील निघाला नाही.

‘वाळायला किती वेळ?’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘चोवीस तास.’

अण्णांचा चेहरा पडला. ‘म्हणजे मी…’

‘तुम्ही या बाहेर, काका. बादल्या ठेवतो.’

काठोकाठ भरलेल्या चार बादल्या आत गेल्या आणि अण्णा बाहेर आले. त्या बादल्यांकडे ते बराच वेळ नाराजीने बघत होते.

आता तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम निघालंय. तोच मिस्त्री. पहिल्या दिवशी नवाच्या ठोक्याला अण्णा हजर. घरमालकांच्या तोंडात अजून टूथब्रश होता. मिस्त्रीने थैली खाली ठेवली, अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘काका, वजन तेवढंच आहे ना?’