पुसायचं पाणी

तारुण्य राखणाऱ्या खनिज पाण्याच्या डब्यावर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: चेहऱ्यावर फवारा, थोडं थांबा, उरलेलं टिपून घ्या.

टिपून घ्या! दीडशे मिलीलीटरला हजाराच्या घरात पैसे मोजायचे, परदेशी डोंगराच्या पोटातलं ते पाणी विमानाने की बोटीने इथवर यायचं, आणि गालावर बसतंय न बसतंय तोच त्याला हुसकून लावायचं. मॉलच्या काउंटरवरची मुलगी समजावते, "अंकल, टिपायलाच लागतं. तसंच वाळलं तर स्किनचं मॉइश्चर पण घेऊन जातं." म्हणजे कोरडं करणारं पाणी. बरं, टिश्यू? "ते वेगळे घ्यावे लागतील."

हिशेब केला तर लिटरला साडेसहा हजार पडतात. लालबागच्या चाळीत गॅलरीभर दारादारापुढे पिंपं असतात. दोनशे लिटरच्या एका पिंपात तेरा लाख झाले. आणि माणसं झाकणावर विटेचा तुकडा ठेवून निर्धास्त झोपतात.

शिवाय टिपण्याचं तंत्र या शहराला कोण शिकवणार? संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहा. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सगळी खनिजं शरीरातूनच पाझरत असतात, फवाऱ्याला बटणही लागत नाही, आणि जो तो रुमालाने टिपतोय. मानेमागे, कॉलरच्या आत, चष्म्याखाली. अख्खी फास्ट लोकल टिपतेय. या हिशेबाने विरारपर्यंत एकही म्हातारा उतरायला नको.

गरम झऱ्यांचंच कौतुक असेल तर तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं आहेत. आमच्या आज्या एस.टी.ने जायच्या त्या खरजेसाठी, सांध्यांसाठी. गंधकाचा वास अंगाला घेऊन यायच्या. तरुण होऊन कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. (नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे, 1892 पासून मुंबई त्याचं पाणी पिते आणि म्हातारी होते.)

वनस्पतींचे अर्क तर आणखी मौजेचे. डबीवर कोरफडीचं हे एवढं पान. मागची यादी वाचा: पहिलं नाव पाण्याचं. वजनाच्या उतरत्या क्रमाने नावं छापायची असा नियम आहे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांना शेवटी कुठेही बसवता येतं. कोरफड बहुधा तिथेच सापडते, सुगंधाला खेटून. खनिजं आणि अर्क एकत्र, भरघोस हवे असतील तर जुलैत हिंदमाताला, तुंबलेल्या पाण्यात यावं. खडी, सिमेंट, झेंडू, कोथिंबीर, वरून थोडं डिझेल. गुडघाभर, फुकट. नंतर डॉक्टर डॉक्सीसायक्लीन लिहून देतात, एवढंच.

हसू येतं, पण चीडही येते. सुरकुत्यांचं मोठं कारण ऊन, हे कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. दादरला फुटपाथवर गजरे विकणाऱ्या बाईचा चेहरा त्या उन्हाने चाळिशीतच साठीचा होतो. तिच्या डोक्यावर पत्रा टाकायचा म्हटलं की जागा नसते, परवानगी नसते, सौंदर्य बिघडतं. त्याच चौकात तुकतुकीत गालांचं तीन मजली होर्डिंग लावायला मात्र जागा मिळते. दुपारी त्याची सावली पडते पे-अँड-पार्कवर. गाड्यांची कातडी उत्तम राहिली आहे.